नाशिकचा बाजार, कसाऱ्याचा घाट आणि बॅटरीचे तीन आकडे

नाशिकला पंचवटीत, दिंडोरी रस्त्याला, बाजार समितीचे आवार आहे. दिवस कलायला लागला की तिथली लगबग पाहावी. कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात यांच्या जुड्यांचे ढीग लागलेले असतात. शेकड्याच्या भावाने बोली चाललेली असते. एकीकडे सौदा मिटतो न मिटतो तोच दुसरीकडे पिकअप गाड्या मागे घेऊन माल भरायला सुरुवात होते. यातला पुष्कळसा माल मुंबईचा. रात्री निघायचे, कसाऱ्याचा घाट उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात उभे राहायचे. कांदा चार दिवस थांबेल, पण कोथिंबीर थांबत नाही. उन्हे वर आली की पान मलूल होते आणि भाव निम्मा होतो.

पूर्वी हा माल वाहतूकदाराच्या ट्रकमधून जात असे. आता तुमच्यापैकी कित्येकांच्या दारात स्वतःची डिझेल पिकअप उभी आहे. तिचा हप्ता आहे, विमा आहे, आणि रात्री ती घाटात असते तेव्हा घरच्या माणसांचा जीव तिच्यात अडकलेला असतो. माझे आयुष्य खते, पाणी, रोग आणि किडी यांविषयी सांगण्यात गेले. पण पीक काढून झाले म्हणजे शेती संपली असे नव्हे. ते बाजारात धडपणे पोचले पाहिजे. म्हणून आज तुम्हाला बरोबर घेऊन नाशिक ते कसारा असा प्रवास करायचा आहे. वाटेत बॅटरी आणि अल्टरनेटर यांचे आकडे कसे वाचायचे, तेही पाहू. आकडे तीनच आहेत. शाळेत जाणाऱ्या मुलालाही पाठ होतील.

टाकी, मोटर आणि दाब

आधी एवढे लक्षात घ्या. बॅटरी म्हणजे माळावरची पाण्याची टाकी. अल्टरनेटर म्हणजे ती टाकी भरणारी मोटर. इंजिन फिरते, पट्टा फिरतो, पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो आणि वीज तयार होते. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब आणि अँपिअर म्हणजे पाण्याची धार. टाकीतून पाणी खाली येते तेव्हा दाब कमी असतो. मोटर चालू करून टाकीत पाणी चढवायचे तर टाकीपेक्षा जास्त दाब लागतो. तसेच इथे आहे. बॅटरीचा स्वतःचा दाब साडेबाराच्या आसपास असतो, म्हणून ती भरायची तर अल्टरनेटरने चौदाच्या आसपास दाब दिला पाहिजे. ही एक गोष्ट समजली की पुढचे सारे सोपे आहे.

हे मोजायला साधा मल्टिमीटर लागतो. तो विजेच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत मिळतो. मोटरपंपासाठी तुमच्याकडे बहुधा असेलच. त्याची कळ डी.सी. व्होल्टच्या २० या खुणेवर ठेवा. लाल तार बॅटरीच्या अधिक टोकाला आणि काळी तार उणे टोकाला लावा. तारा टर्मिनलच्या चिमट्याला न लावता बॅटरीच्या शिशाच्या खुंटीलाच टेकवा. चिमटा आणि खुंटी यांच्यामध्येच पुष्कळदा दोष लपलेला असतो.

पहिला आकडा : गाडी थंड असताना

बाजार समितीच्या आवारात गाडी पोचते तेव्हा इंजिन नुकतेच बंद झालेले असते. त्या वेळी बॅटरीचा आकडा खोटा मोठेपणा दाखवतो. खरा आकडा घरी, सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर घ्यावा.

१२.६ किंवा थोडा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण टाकी. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पावच उरली, आणि त्याच्याही खाली म्हणजे टाकीचा तळ. पाहा, भरलेली आणि अर्धी यांत फरक ०.४ व्होल्टचाच आहे. 'बारा व्होल्टची बॅटरी, बारा दाखवते आहे, ठीक आहे' असे म्हणणारा माणूस जवळजवळ रिकामी टाकी घेऊन घाटाला निघालेला असतो.

दुसरा आकडा : सेल्फ मारताना

माल भरला, दोर आवळले, ताडपत्री बांधली. आता सेल्फ मारायचा. डिझेल इंजिनाचा दाब मोठा, म्हणून त्याच्या सेल्फला जोरही मोठा लागतो. त्यातच थंडीत हीटर प्लग आधी तापतात, तेही बॅटरीवरच. एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने मीटरकडे पाहावे. आकडा झपकन खाली येतो. तो १० च्या वर राहिला तर बॅटरी दमदार आहे. ९.६ च्याही खाली गेला तर बॅटरी थकली आहे, नाहीतर सेल्फ गरजेपेक्षा जास्त ओढतो आहे.

निफाडकडच्या मंडळींना हे अधिक जपावे लागते. तिथे कडाक्याच्या थंडीत पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते. त्याच पहाटे बॅटरीची ताकद कमी झालेली असते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन जास्त जोर मागते. दिवाळीत ठीक वाटलेली बॅटरी पौषात बसते, ती यामुळे.

तिसरा आकडा : इंजिन चालू असताना

आडगाव नाक्यावरून गोदावरी ओलांडून आपण द्वारकेला आलो. पुढे मुंबई नाका, मग पाथर्डी फाटा. उजव्या हाताला सातपूर आणि अंबडचे कारखाने राहिले. सातपूरला महिंद्राच्या गाड्या होतात. ज्याला जुनी माणसे अजून मायको म्हणतात, तो बॉशचा डिझेल नोझलचा कारखानाही तिथेच. म्हणजे ज्या शहरात डिझेल गाड्या आणि त्यांचे भाग घडतात, त्याच शहरातून आपण निघालो आहोत. डाव्या हाताच्या डोंगरात दोन हजार वर्षांची पांडवलेणी आहेत. रात्री ती दिसत नाहीत, पण त्यांच्या पायथ्यापासून शहर मागे पडू लागते आणि गॅरेजांचे दिवेही विरळ होतात. म्हणून तिसरा आकडा इथवर येण्याआधीच पाहिलेला बरा.

इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर थोडा दाबावा. मीटर १३.८ ते १४.५ यांच्यामध्ये राहिला पाहिजे. आता मोठे दिवे लावा, पंखा लावा, वायपर लावा. आकडा थोडा उतरेल. १३.५ च्या आसपास टिकला तर निश्चिंत राहा. सारे काही चालू असताना आणि इंजिन संथ असताना १३ पर्यंत आला तरी घाबरू नका. पण इंजिनाचा वेग वाढवूनही १२.६ किंवा खाली असेल तर मोटर टाकी भरत नाही. टाकीतले पाणीच खर्च होते आहे.

उलट बाजूही पाहा. आकडा १४.८ च्या वर सतत राहिला, १५ च्या पुढे गेला, तर कटआउट बिघडला. बॅटरीचे पाणी उकळते, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, दिव्यांचे बल्ब वारंवार उडतात. जास्त पाण्याने पीक सडते, तसेच हे.

एक सूचना नव्या गाडीवाल्यांना. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बी.एस. ६ गाड्यांपैकी काहींमध्ये चार्जिंगचा दाब गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरली की तो दाब उतरवतो आणि गरज पडली की चढवतो. त्यामुळे एकदाच १२.९ दिसले म्हणून अल्टरनेटर खोलायला धावू नका. मोठे दिवे लावून दोन-चार मिनिटे पाहा. आकडा वर चढला तर सारे ठीक आहे.

वाडीवऱ्हे, गोंदे, घोटी : दोन गेजांमधला फरक

विल्होळी मागे पडली की वाडीवऱ्हे, गोंदे, मुंढेगाव अशी गावे येतात. भाताची खाचरे दिसू लागतात. आपला जिल्हा मोठा गमतीचा आहे. येवला-नांदगावकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर इगतपुरीला तो ३००० च्या घरात. पावसाळ्यात नाशिकहून कोरड्या काचेने निघालेली गाडी घोटीपाशी येईतो वायपर, मोठे दिवे, धुक्याचे दिवे, काचेवरचा पंखा असे सारे लावून चाललेली असते. म्हणजे घाट जसा जवळ येतो, तसा बॅटरीवरचा भार वाढत जातो.

इथे दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुण बागाईतदाराची गोष्ट सांगतो. त्याची पिकअप सकाळी चालू होईना. त्याने नवी बॅटरी घेतली. ती सहा महिन्यांत बसली. मग दुसरी घेतली. मी बागेत गेलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊसाहेब, घडांवरचा डाग ओळखता, तसा या गाडीचा रोग ओळखून द्या." आत ओट्यावर बसलेली त्याची आई म्हणाली, "छाटणीच्या मजुरीचे पैसे बॅटरीत गेले बघा."

मी त्याला बागेतला ठिबकचा फिल्टर दाखवला. फिल्टरच्या आधी एक गेज आणि नंतर एक गेज. दोन्हींतला फरक वाढला की आपण काय म्हणतो? फिल्टर तुंबला. मोटर वाईट, असे कोणी म्हणत नाही. मग हीच रीत गाडीला लावली. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून अल्टरनेटरपाशी मोजले तर १४.३ व्होल्ट. बॅटरीपाशी मोजले तर १३.२. मधले १.१ व्होल्ट वाटेतच मुरत होते. मग लाल तार अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टाला आणि काळी तार बॅटरीच्या अधिक खुंटीला लावली. ०.१ आले. हा फरक चालतो. पुढे बॅटरीची उणे खुंटी आणि इंजिनाचे अंग यांच्यामध्ये मोजले, तर पूर्ण १.० व्होल्ट. तिथे ०.२ पेक्षा जास्त असता कामा नये. दोष सापडला. गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची जाड तार बोल्टाखाली कुजली होती. खताची पोती आणि मोरचूद याच गाडीतून येत असे, आणि मोरचुदाचे पाणी लोखंडाला खाते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

अशा वेळी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर थर धरतो आणि ती अकाली मरते. बोल्ट खोलून, कागदाने घासून, नवी तार घट्ट बसवली. बॅटरीपाशी १४.१ आले. त्या घरात दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले होते आणि रोग एका तारेचा होता.

घाटनदेवीपाशी

घोटी, मग इगतपुरी. इथून पुढे जमीन एकाएकी तुटते. १८६५ साली याच घाटातून रेल्वे इगतपुरीला आली. थळ घाटातला लोहमार्गाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. रेल्वे एवढी बलाढ्य, पण घाट उतरण्याआधी तीही ब्रेकची परीक्षा घेते. मग आपल्या पिकअपने का घेऊ नये?

आता मुख्य गोष्ट सांगतो. नाशिकमध्ये चार्जिंग बंद पडले तर गाडी तिथेच थांबत नाही. थांबली असती तर बरे झाले असते. ती बॅटरीवर चालत राहते. हिशेब करा. दोन मोठे दिवे ६० वॅटचे धरले तर १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. मागचे दिवे, वायपर, पंखा, इंजिनाचा कॉम्प्युटर हे धरून सहज २० अँपिअर होतात. ८० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर चार तास पुरावी. पण ती दोन-तीन वर्षांची जुनी असते, बहुधा अर्धीच भरलेली असते, आणि शेवटच्या थेंबापर्यंत दाब टिकत नाही. तास-दीड तासात दिवे पिवळे पडू लागतात. आणि भरलेल्या गाडीला नाशिकहून तास-दीड तासावर काय आहे? कसाऱ्याचा घाट. म्हणजे शहरात झालेला दोष आपले दर्शन नेमके उतारावर देतो.

जुन्या डिझेल गाडीत पंप आणि नोझल यंत्रानेच चालत. एकदा चालू झालेले इंजिन विजेवाचूनही फिरत राही, जात ते दिवे. आजच्या कॉमन रेल इंजिनाचे तसे नाही. दाब १० व्होल्टच्या आसपास उतरला की त्याचा कॉम्प्युटर गोंधळतो आणि इंजिन बंद पडते. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही बंद. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगडासारखे होते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. बऱ्याच डिझेल पिकअप गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. पट्टा तुटला की चार्जिंग गेले, आणि ब्रेकची मदतही गेली. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर इंजिनही तापणार. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा नुसता बॅटरीचा नाही. काही गाड्यांत तो ब्रेकचाही दिवा आहे. किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. आधी लागतच नसेल तर बल्ब गेला असेल. तो लगेच बदला, कारण काही गाड्यांत त्या बल्बातून मिळणाऱ्या विजेनेच अल्टरनेटर जागा होतो.

घाटाच्या तोंडाशी घाटनदेवीचे देऊळ आहे. पुष्कळ ड्रायव्हर इथे हात जोडतात. तुम्हीही जोडा. पण त्याच वेळी गाडी कडेला घेऊन, इंजिन चालू ठेवून, दिवे लावून एकदा आकड्याकडे नजर टाका. १३.५ च्या आसपास असेल तर उतरा. लाल दिवा लागलेला असेल किंवा आकडा साडेबाराच्या खाली असेल तर उतरू नका. इगतपुरीला, घोटीला मागे फिरा आणि मिस्त्री गाठा. माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागला तरी चालेल. कोथिंबिरीची एक खेप बुडाली तर पुढच्या लावणीत भरून निघते.

घाटात दिवा लागलाच तर घाबरू नका. इंजिन बंद करू नका, न्यूट्रल करू नका. खालच्या गिअरमध्ये या, पंखा आणि जादा दिवे बंद करा, ब्रेक वारंवार टिचकवू नका आणि पहिल्या सुरक्षित जागी कडेला थांबा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनी तर हा घाट डोळ्यांपुढे आणावा.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्या वाटेने गेले तर घाटाची वळणे टळतात, पण सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा लागतो. बोगद्यात दिव्यांवाचून चालत नाही आणि बंद पडलेली गाडी सगळ्यांनाच धोका असते. वाट बदलली तरी आकडा पाहणे सुटत नाही.

घरी करायचे काम

दर पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी, तीन आकडे घ्या. उभ्या गाडीचा, सेल्फ मारतानाचा आणि दिवे लावून चालू इंजिनाचा. दूध-डेअरीच्या वहीसारखी एक वही ठेवा. लिहायचे काम मुलीला किंवा सुनेला द्या. दादा किल्ली फिरवतील, वहिनी आकडा वाचतील, पोर लिहील. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन महिन्यांची उतरण जास्त सांगते. १२.६ चे १२.५, मग १२.३ होताना दिसले की घाट लागण्याआधीच तुम्ही जागे होता.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार आला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडे करा, घट्ट आवळा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. खोलताना आधी उणे टोक काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचे नको. पट्ट्याला तडे पाहा आणि ताण पाहा. बॅटरीजवळ बिडी, काडी नको, कारण तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. चालू इंजिनावर मोजताना पदर, गमछा, सैल बाही पट्ट्यापासून दूर ठेवा.

आणि एक जुनी खोड सोडा. अल्टरनेटर चालतो की नाही हे पाहायला काही जण चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल उपटतात. पूर्वीच्या गाड्यांत ते खपून गेले. आजच्या गाडीत त्याच क्षणी दाब उसळतो आणि हजारो रुपयांचा कॉम्प्युटर जळू शकतो. मिस्त्री तसे करू लागला तर त्याला नम्रपणे थांबवा आणि आपला मीटर पुढे करा.

गाडीला भोंगे, मोठे स्पीकर, जादा झगझगीत दिवे लावण्याची हौस अनेकांना असते. हौसेला माझी ना नाही. पण मोटर तीच आणि उघड्या तोट्या वाढल्या तर टाकी भरेल कशी, एवढा विचार करूनच ते लावावेत.

पंचवटीहून आज संध्याकाळीही गाड्या निघतील. तुमची त्यांत असेल तर निघण्याआधी पाच मिनिटे काढा. १२.६, १० आणि १४ हे तीन आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. पहाटे वाशीहून घरी फोन येतो, "पोचलो, माल उतरतोय." तो फोन वेळेवर यावा, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.